वरून सामान बसवलेली गाडी ठोकली तर: क्लेममध्ये त्या सामानाचे पैसे कसे धरले जातात, पायरी-पायरीने

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा अमळनेरचे एक गृहस्थ फाईल घेऊन आले. एरंडोलजवळ हायवेला पुढच्या केळीच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि यांची गाडी मागून घुसली. फाईलमध्ये एस्टिमेट, आरसी, लायसन्स सगळं व्यवस्थित होतं. शेवटी वहीचं एक फाडलेलं पान टाचलेलं होतं: "अलॉय ४ नग, टेप, वुफर, लाईट. १,१०,०००. पेड." दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, जीएसटी नंबर नाही. "इतला खर्च कया, त्यानं काय?" ते पुन्हा पुन्हा तेवढंच विचारत होते. उत्तर त्यांच्याच पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज: ०. नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज: ०.

मी जळगाव-धुळे पट्ट्यात विम्याचं काम करतो आणि ही चूक वारंवार बघतो. लोकांना वाटतं, गाडीची किंमत अपघातानंतर सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस) येऊन ठरवतो, आणि तेव्हा त्याला सगळं नीट दाखवलं की झालं. सर्व्हेअर मोजतो ते नुकसान. गाडीची आणि सामानाची किंमत पॉलिसी काढली त्या दिवशीच कागदावर ठरलेली असते. म्हणून खालच्या टप्प्यांपैकी पहिले चार अपघाताच्या आधीचे आहेत. ते झाले नसतील तर पुढच्या टप्प्यांत हातात फार थोडं उरतं.

टप्पा १: गाडीवर काय बसवलंय त्याची यादी करा

कागद घ्या, गाडीभोवती एक फेरी मारा आणि कंपनीतून न आलेली प्रत्येक वस्तू लिहा. मग प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या गटात बसते ते लिहा.

पहिला गट इलेक्ट्रिकल सामानाचा: म्युझिक सिस्टीम, अ‍ॅम्प्लिफायर, वुफर, रिव्हर्स कॅमेरा, जादा लाईट. दुसरा नॉन-इलेक्ट्रिकल: अलॉय व्हील, सीट कव्हर, कॅरिअर, स्पॉयलर. सीएनजी किंवा एलपीजी किट हा स्वतंत्र गट आहे, पॉलिसीतही त्याचा रकाना वेगळा असतो.

यापलीकडे एक गट उरतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. इंजिनची ताकद वाढवणं, सस्पेन्शन उचलणं, मडगार्डच्या बाहेर येणारे मोठे टायर, सायलेन्सर बदलणं, छत कापून सनरूफ बसवणं. हे अ‍ॅक्सेसरीमध्ये मोडत नाही, हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा बदलाचं बिल कितीही पक्कं असलं तरी विम्यात त्याची किंमत धरली जात नाही.

इशारा: समोरचा लोखंडी बंपर गार्ड आपल्याकडे शेताच्या रस्त्याला, गुराढोरांसाठी म्हणून हमखास लावतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो काढून टाकायला सांगितलं आहे. तो धडकेचा जोर थेट चॅसीवर देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं काम बिघडवू शकतो. काचांवरच्या काळ्या फिल्मलाही मनाईच आहे. भुसावळचं ऊन मला ठाऊक आहे, तरीही मे महिना हे कारण तिथे चालत नाही.

टप्पा २: पक्की बिलं गोळा करा

कच्ची चिठ्ठी क्लेममध्ये चालत नाही. बिलावर पाच गोष्टी लागतात: दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर, तारीख, तुमचं नाव, गाडीचा नंबर, आणि प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत. "अ‍ॅक्सेसरीज एकूण १,१०,०००" असं एकच आकड्याचं बिल घेऊ नका. उद्या फक्त दोन व्हील फुटली तर त्यांची किंमत त्यातून कोणी काढून देणार नाही.

गाडीचा नंबर बिलावर घालून घ्यायला बहुतेक जण विसरतात. अजिंठा चौफुलीच्या दुकानात उभे असतानाच सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. सहा महिन्यांनी परत गेलात तर दुकानदार त्या तारखेचं बिल बदलून देणार नाही, आणि मागची तारीख टाकून बिल बनवून घेण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. खोटं बिल सापडलं तर सामानासोबत सगळाच क्लेम जातो.

सामान बसवल्यावर फोटो काढा: एक लांबून, नंबर प्लेट आणि वस्तू एकाच चौकटीत येईल असा, आणि एक जवळून, वस्तूवरचा अनुक्रमांक दिसेल असा. शोरूममधूनच सामान बसवून घेतलं असेल, तर ते गाडीच्या मुख्य इनव्हॉइसमध्ये आहे की वेगळ्या बिलात, ते बघा. वेगळ्या बिलात असेल तर आयडीव्हीत (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीत) ते आपोआप येत नाही.

टप्पा ३: आरसीवर जे चढायला हवं ते चढवा

सीएनजी किट मान्यताप्राप्त कंपनीचं आणि अधिकृत केंद्रातून बसवलेलं हवं. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी चढायला हवं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी असते, तिचं सर्टिफिकेट आरसीच्याच पाकिटात ठेवा. गाडीचा रंग बदलला असेल तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी आरसी, मग पॉलिसी. अनेक जण किट बसवतात, विमा कंपनीला कळवतात आणि आरटीओचं काम "करू कधीतरी" म्हणून ठेवतात. सर्व्हेअर डिकी उघडतो, सिलिंडर बघतो, आरसीवर नुसतं पेट्रोल दिसतं, आणि फाईल तिथेच थांबते.

सुरतहून गाडी आणणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. नंदुरबार, शिरपूर, धुळे भागात जीजे पासिंगच्या जुन्या गाड्या भरपूर येतात, आणि त्यांच्यावर आधीच्या मालकाने बसवलेलं सामान असतं. त्याची बिलं आधीच्या मालकाच्या नावावर असतात आणि पॉलिसीही त्याच्याच. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, मग सामानाचा प्रश्नच उरत नाही.

टप्पा ४: पॉलिसीत सामान वेगळं लिहून घ्या

इथे आकडे समजून घ्यावे लागतात.

आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली किंवा चोरी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देणार ती. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आजच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून ती निघते. रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. रूढ तक्ता असा:

- ६ महिन्यांपर्यंत: ५ टक्के
- ६ महिने ते १ वर्ष: १५ टक्के
- १ ते २ वर्षं: २० टक्के
- २ ते ३ वर्षं: ३० टक्के
- ३ ते ४ वर्षं: ४० टक्के
- ४ ते ५ वर्षं: ५० टक्के

पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता. वरून बसवलेल्या सामानाचीही आयडीव्ही अशाच पद्धतीने निघते, पण तुम्ही जाहीर केलं तरच. ५०,००० च्या अलॉय व्हीलला वीस टक्के घसारा लागला की पॉलिसीत ४०,००० लिहिले जातील. इलेक्ट्रिकल सामानासाठी आणि सीएनजी किटसाठी जुन्या मोटर टॅरिफमध्ये किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम होता. आज दर कंपनीनुसार बदलतो. त्या जुन्या ४ टक्क्यांच्या हिशोबाने ३२,००० च्या म्युझिक सिस्टीमला १,२८० रुपये वर्षाला. लोक हे बाराशे वाचवतात.

सामान वर्षाच्या मध्ये बसवलं तर पुढच्या नूतनीकरणाची वाट बघू नका. कंपनीला लेखी कळवा, बिल द्या, गाडी तपासून घ्या, उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम भरा आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) मागा. एन्डॉर्समेंटचा कागद हातात किंवा मेलवर आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. एजंटने फोनवर "झालं, भाऊ" म्हटलं म्हणजे नोंद झाली असं होत नाही. हे मी स्वतः एजंट असून सांगतो.

तपासा, दरवर्षी: मोबाईलवरून नूतनीकरण करताना अ‍ॅक्सेसरीजचे रकाने मुळात शून्य असतात. आधीच्या कंपनीत सामान नोंदलेलं असलं तरी नव्या कंपनीत ते आपोआप जात नाही. पैसे भरण्याआधी ते तीन रकाने उघडून बघा: इलेक्ट्रिकल, नॉन-इलेक्ट्रिकल, बाय-फ्युएल (सीएनजी/एलपीजी) किट.

झिरो डेप हे जादा कव्हर आहे म्हणून सगळं मिळेल, हाही गैरसमज आहे. झिरो डेप पार्टवरचा घसारा वाचवतं. न नोंदलेली वस्तू त्यामुळे पॉलिसीत येत नाही. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर इनव्हॉइसची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर इनव्हॉइसमध्ये कोणतं सामान धरलंय ते त्याच्या अटींमध्ये वाचा.

टप्पा ५: अपघाताच्या जागी

आधी माणसं, मग गाडी. कोणाला लागलं असेल तर दवाखाना आणि पोलीस, बाकी सगळं नंतर.

मग कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर घ्या. गाडी हलवण्याआधी फोटो काढा: चारही बाजू, रस्ता, समोरचं वाहन, आणि तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू, तुटलेली असो वा धड. कन्नड घाटात किंवा लळिंगच्या उतारावर रात्री गाडी बंद पडली तर ती तशीच सोडून घरी जाऊ नका. पॉलिसीची अट आहे की गाडीचं पुढचं नुकसान टाळायची खबरदारी मालकाने घ्यायची. सकाळी जाऊन बघितलं तर टेप आणि स्टेपनी नाही, असं झालं तर त्याचे पैसे मिळणं कठीण.

गळत असलेली गाडी चालू करून गॅरेजपर्यंत नेऊ नका. दुरुस्तीआधी चालवल्यामुळे वाढलेलं नुकसान तुमच्या अंगावर येतं. टोइंगसाठी सर्वसाधारण पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. पारोळ्याजवळून जळगावपर्यंत गाडी ओढून आणायची तर खर्च त्याहून सहज वर जातो, म्हणून रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर तोच नंबर आधी लावा.

इशारा: गॅरेजमध्ये पोचल्यावर "वुफर आणि कॅमेरा काढून घरी ठेवतो, चोरीला जायला नको" म्हणून काहीही उतरवू नका. पॉलिसी सामानाला संरक्षण देते ते गाडीवर असताना. सर्व्हेअरने गाडीवर न पाहिलेली वस्तू त्याच्या रिपोर्टमध्ये येत नाही.

टप्पा ६: सर्व्हेअरसमोर

गॅरेजवाल्याला सांगा की एस्टिमेट दोन भागांत करा: कंपनीचे पार्ट एका कागदावर, वरचं सामान दुसऱ्यावर. एकत्र एस्टिमेट दिलं की सर्व्हेअर न कळणारी ओळ सरळ कापतो. दुसऱ्या कागदासोबत त्या वस्तूचं बिल, जुना फोटो आणि पॉलिसीचं ते पान जोडा.

सर्व्हेअर येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. गॅरेजच्या पोरावर सोपवू नका, त्याला तुमच्या गाडीत काय होतं ते माहीत नसतं. सर्व्हेअरशी वाद घालू नका. त्याला एक-एक वस्तू दाखवा आणि ती नोंदली का ते विचारा. आत लपलेलं नुकसान असू शकतं असं वाटलं तर पार्ट उघडल्यावर पुन्हा पाहणी हवी, असं तेव्हाच लेखी सांगा. मंजुरीआधी दुरुस्ती सुरू करू नका आणि तुटलेले पार्ट भंगारात देऊ नका.

गाडी जळाली असेल तर पहिला प्रश्न वायरिंगचा येतो. कंपनीच्या हेडलाईटचा सर्वसाधारण एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याच वायरीवर रिले न लावता जादा वॅटचे बल्ब टाकले की होल्डर वितळतो. मूळ वायर कापून, चिकटपट्टी गुंडाळून दिलेला जोड सर्व्हेअरला लगेच दिसतो.

टप्पा ७: हिशोब स्वतः करून बघा

दुरुस्तीच्या क्लेममध्ये घसाऱ्याचा दुसराच तक्ता लागतो. आयडीव्हीच्या तक्त्याशी त्याची गल्लत करू नका. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. फायबरवर ३० टक्के. काचेवर काही नाही. बाकी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: ६ महिन्यांपर्यंत शून्य, मग १ वर्षापर्यंत ५, २ पर्यंत १०, ३ पर्यंत १५, ४ पर्यंत २५, ५ पर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्याचा चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यातलं निम्मं कापतात.

साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली गाडी धरू. झिरो डेप नाही, जीएसटी बाजूला ठेवू.

- दोन अलॉय व्हील २५,०००, मिळणार १८,७५०
- बंपर १८,०००, मिळणार ९,०००
- पेंटिंग १६,०००, मिळणार १४,०००
- पुढची काच ११,०००, पूर्ण मिळणार
- मजुरी ९,०००, पूर्ण मिळणार

गॅरेजचं बिल ७९,०००. मंजूर ६१,७५०, त्यातून सक्तीची कपात १,००० (लोक हिला फाईल चार्ज म्हणतात). हातात ६०,७५०, खिशातून १८,२५०.

आता हीच गाडी, पण अलॉय पॉलिसीत नोंदलेलं नाही. सर्व्हेअर बहुधा कंपनीच्या साध्या लोखंडी रिमची किंमत धरतो. ती दोन रिमची ७,००० असेल तर २५ टक्के घसाऱ्यानंतर ५,२५०. बाकी सगळं तेच. हातात ४७,२५०, खिशातून ३१,७५०. फरक १३,५०० रुपयांचा, तोही फक्त दोन व्हीलवर.

टायरबाबत: नुसते टायर फाटले तर क्लेम नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच मिळतात, तेही निम्मे.

क्लेम टाकण्याआधी नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) बघा. तो ५० टक्क्यांवर गेला असेल आणि नुकसान एका लाईटचं असेल तर स्वतः भरणं बहुधा परवडतं.

टप्पा ८: गाडी टोटल लॉस धरली तर

दुरुस्तीचा आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ५,४०,००० असेल तर ही रेषा ४,०५,००० वर येते. पैसे मिळतात ते पॉलिसीतल्या आयडीव्हीपर्यंत. तुम्ही प्रत्यक्ष किती खर्च केला हे इथे कोणी विचारत नाही. गाडीवर कर्ज असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते.

सांगाडा तुम्ही ठेवलात तर त्याची भंगार किंमत वजा होते, आणि इथेच लोक फसतात. भंगारवाला बोली लावतो ती चांगली अलॉय आणि टेप बघून. म्हणजे पॉलिसीत नसलेल्या ज्या सामानाचे पैसे कंपनी देत नाही, त्याचीच किंमत भंगारात धरून तुमच्या रकमेतून कापली जाते. म्हणून बोली लागण्याआधी कंपनीला लेखी विचारा: हे सामान आयडीव्हीत धरलेलं नाही, ते काढून घेऊ का? सर्व्हेअरची लेखी परवानगी मिळाली की काढा आणि मग बोली लावायला सांगा. पॉलिसीत नोंदलेलं सामान मात्र काढायचं नाही, त्याचे पैसे तुम्ही घेताय.

टप्पा ९: क्लेम कापला किंवा नाकारला तर

कारण लेखी मागा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. तोंडी "मॉडिफाय गाडी आहे, बसत नाही" यावर थांबू नका. न नोंदलेल्या वुफरमुळे बंपरचे पैसे नाकारले असतील तर दोन्हींचा काय संबंध, हे पत्रात सरळ विचारा. खाजगी गाडी भाड्याने वापरताना चोरीला गेली अशा प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला होता. अटीचा भंग झाला म्हणून प्रत्येक वेळी सगळंच बुडतं असं नाही. बदलामुळेच अपघात झाला असेल, तर बाजू कमकुवत आहे हेही मान्य करा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी तो पुण्याला बसतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यायचा. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. सोबत पॉलिसीचं सामान नोंदलेलं पान, बिलं, जुने-नवे फोटो, दोन भागांतलं एस्टिमेट, सर्व्हे रिपोर्ट आणि कंपनीचं पत्र, याच क्रमाने लावा. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून मोजतात.